सहा एमएमचं जग

नॉर्वेला कधीही न गेलेला माणूस नॉर्वेच्या नावाने दातओठ खात असेल, तर खुशाल समजावं की हा गृहस्थ दिवाणखान्याच्या भिंतीसाठी लाकडी जगाचा नकाशा करतोय. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्ती, शाबूत गुडघे, परदेशी गेलेली मुलं आणि त्यांनी वाढदिवसाला पाठवलेली विजेची जिगसॉ करवत, एवढं भांडवल या जातीच्या काकांना पुरतं.

पुण्याच्या टिंबर मार्केटात दुकानदार सवयीने विचारतो, "काका, कपाटाला की किचनला?"

"जगाला."

दुकानदार मुकाट्याने सहा एमएमचा आठ बाय चार प्लाय काढतो. याहून विचित्र गिऱ्हाइकं त्याने पाहिलेली असतात.

नकाशा ए-फोर कागदांवर तुकड्यातुकड्याने छापून प्लायवर चिकटवला, की काकांचं परराष्ट्र धोरण सुरू होतं. इजिप्त त्यांचा लाडका. पश्चिमेची सीमा बरीचशी २५ रेखांशावर, दक्षिणेची २२ अक्षांशावर; पातं फिरवलं की गुण्यात बसणारा तुकडा हातात. ही दक्षिणेची रेघ १८९९च्या करारात इंग्रजांनी आखली. एरवी इंग्रजांचं नाव काढलं की दीडशे वर्षांच्या लुटीचा हिशेब मांडणारे काका इथे मात्र पुटपुटतात, "काही म्हणा, पट्टी धरून काम केलंय लेकाच्यांनी." उलट नॉर्वे, चिली, ग्रीस हे दुर्जन. नॉर्वेच्या फ्योर्डांपायी पाती मोडतात, मग काका चिडून कानस घेतात आणि लाखो वर्षांत हिमनद्यांनी कोरलेला किनारा चहा येईपर्यंत गुळगुळीत करून टाकतात. इंडोनेशियाची सतरा हजार बेटं एका दुपारी नऊवर येतात. लेसोथो नावाचा देश आहे हे तर त्यांना जिगसॉनेच शिकवलेलं. तो दक्षिण आफ्रिकेच्या ऐन पोटात, चारी बाजूंनी वेढलेला. म्हणजे आधी ड्रिलने भोक पाडा, त्यातून पातं आत घाला आणि मग गोल फिरा. "यांना स्वतंत्र व्हायची एवढी काय घाई होती?" हा काकांचा सवाल.

रंगवलेले देश सुकत पडतात ते जेवणाच्या टेबलावर. "अहो, तो रशिया उचला आधी, पानं घ्यायचीत," हे वाक्य काकू इतक्या सहज म्हणतात की संयुक्त राष्ट्रांनी शिकून घ्यावं. आमटीत भुसा सापडला तर कुठल्या देशाचा, हेही त्या रंगावरून सांगू शकतात.

भारताशी आल्यावर मात्र काका गंभीर होतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी नकाशात काश्मीर वरून छाटलेलं असतं, आणि सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर आपल्याकडे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिवाणखाना म्हणजे प्रकाशन नव्हे, असं वकील असलेला मेहुणा समजावतो. पण काका ऐकत नाहीत. भारत नव्याने कापला जातो. तो आता शेजाऱ्यांच्या मधे बसत नाही. मग रात्री उशिरापर्यंत बाल्कनीत बसून काका चीनवर कानस मारतात. इतक्या समाधानाने केलेलं दुसरं काम मी त्यांच्या हातून पाहिलेलं नाही. अंदमान आगकाडीच्या तुकड्यांचं होतं, लक्षद्वीप टाचण्यांचं.

नकाशा लागला की पाहुण्यांची खैर नाही. हा मर्केटरचा नकाशा, १५६९चा. खलाशांना होकायंत्राची एकच दिशा सरळ रेघेत मिळावी म्हणून केलेला. त्यापायी ध्रुवांकडचे देश फुगतात. चहावर साय धरेपर्यंत हे चालतं. या व्याख्यानामागे भूगोलाचं प्रेम असेलही, पण खरं दुखणं प्लायच्या दराचं. "आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट, आणि माझा प्लाय दोघांना सारखाच लागला!" अंटार्क्टिका त्यांनी याच रागात रद्द केलेला असतो. पाहुण्यांना यातलं काही नको असतं. ते उठतात, उत्तर अमेरिकेवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "आमचा मन्या इथे." बोट मेक्सिकोवर असतं. वर्षभरात मेक्सिकोचं पॉलिश अशा बोटांनी उडतं.

भिंतीचं गणित शेवटपर्यंत जमत नाही, ते वेगळंच. पाणसळ लावून, ओळंबा सोडून, आशिया बरोबर मध्यावर आणला तेव्हा लक्षात आलं की न्यूझीलंडच्या जागी स्विचबोर्ड आहे. जगातल्या कितीतरी नकाशांतून हा देश गळतो, त्यात आणखी एक, असं म्हणून काका सोडून देणार होते; पण काकूंची भाची ऑकलंडला. तेव्हा न्यूझीलंड फूटभर वर सरकून ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर, गरम हवेत जाऊन बसलं. रविवारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला, की काका फोन घेऊन सोफ्याच्या डाव्या टोकाला सरकतात. तिला वाटतं, काकांनी फक्त दक्षिण अमेरिका केलीय.