तिसरी जोडी आणू नका

पहिला पाऊस पडला आणि भाच्याचा फोन आला. "मामा, बाईकचे फॉग लाइट परत गेले. तिसरी जोडी घेतोय."

"आधीच्या दोन जोड्या कुठे आहेत?"

"घरीच. बंद."

दोन्ही घेऊन ये म्हटले. टेबलावर १२ व्होल्टची बॅटरी ठेवली, लाल प्लसला, काळी मायनसला. चारही दिवे लख्ख पेटले.

भाचा गप्प.

वसई-विरारमध्ये दर पावसाळ्यात हेच चालते. लाइट बंद पडला की माणूस थेट दुकान गाठतो. दुकानात नवी जोडी लागते, पण जुन्याच वायरला आणि जुन्याच जॉइंटला. जोडताना तो जॉइंट पुन्हा पिळला जातो, तांब्याला तांबे लागते, दिवा पेटतो. महिनाभराने पुन्हा गंज चढतो. मग गिऱ्हाईक म्हणते, हल्ली मालच खराब येतो. माल चांगला असतो. कुजलेला असतो तो जॉइंट, आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही म्हणून तो कोणी बदलतही नाही.

जादा लाइट म्हणजे पोरांची हौस, असे म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री शिरसाडहून वज्रेश्वरीकडे दुचाकी न्यावी. किंवा चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे, भर पावसात. खड्डा दिसतो तेव्हा चाक त्यात गेलेले असते. शंभर-सव्वाशे सीसीच्या कितीतरी गाड्यांचा मूळ हेडलाइट ३५ वॉटचा. वालीवच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून निघालेला कामगार, पहाटे अर्नाळ्याहून मासळी घेऊन निघालेला गडी, यांना उजेड हवा. ही हौस कशी?

उजेड हवाच. तो टिकवायचा कसा, एवढाच प्रश्न.

वीज बॅटरीतून निघते आणि बॅटरीतच परत येते. जाणारी वाट सगळे तपासतात. लाल वायर, स्विच, फ्यूज, सगळे बघून होते. परतीच्या वाटेकडे कोणी पाहत नाही. काळी वायर चेसिसच्या हाताला लागेल त्या नटाखाली दाबतात आणि म्हणतात, बॉडी अर्थ दिला. त्या नटाखाली रंग असतो. रंगातून वीज जाते का?

थोडी जाते, आट्यांमधून, नव्या गाडीत. मग आपली हवा कामाला लागते.

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव. या पट्ट्यात खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात. हवेत मीठ आहे. तिथे उघड्या तांब्याचा पिळा किती दिवस टिकणार? जॉइंटवर काळी टेप गुंडाळली की काम पक्के झाले, असे समजणारे कारागीर अजून आहेत. टेप पाणी अडवत नाही. आत शिरलेले पाणी मात्र बाहेर पडू देत नाही.

हे पाणी जॉइंटपाशी थांबतही नाही. वायरच्या बारीक तारांमधून, प्लास्टिकच्या आत, ते वर चढत जाते. वायर सोलली की तांबे काळे किंवा हिरवे दिसते. तिथेच नवा जॉइंट मारू नका. चकाकते तांबे लागेपर्यंत वायर कापत जा. बोटभर कापावी लागेल, कधी वीतभर. मग टोकाला धातूचा लग नीट दाबून बसवा, वर गोंदवाली स्लीव्ह चढवून तापवा. दहा मिनिटांचे काम. तिसऱ्या जोडीपेक्षा स्वस्त.

आता अंदाज बंद. मीटर काढा.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. पण मोजायचे कधी, हे कळले पाहिजे. दिवा सोडवून मोजले तर एका तारेवर लटकलेली कुजकी वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. तिच्यातून करंट वाहतच नसतो, मग ती उघडी पडणार कशी? इंजिन चालू, लाइट चालू, आणि मग मोजा. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. तसेच मायनसच्या बाजूला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले की त्या बाजूला जॉइंट, नट किंवा वायर वाईट आहे. दिव्याला हातही लावू नका.

भाच्याच्या गाडीवर बॅटरीपाशी १४.१ व्होल्ट. दिव्यापाशी ८.४. प्लसच्या वाटेत गेले ०.३. मायनसच्या वाटेत ५.४.

दोन जोड्यांचे पैसे त्या एका रंगीत नटाखाली गेले होते.

जुना हॅलोजन अशा वेळी पिवळा पडायचा, मंद व्हायचा, आधी कल्पना द्यायचा. एलईडी देत नाही. त्याच्या आतला ड्रायव्हर व्होल्टेज घसरले तरी बराच वेळ उजेड टिकवून धरतो, आणि एका मर्यादेखाली लपलपतो किंवा एकदम बंद पडतो. पाहणाऱ्याला वाटते, दिवा जळाला. आणि तारा उलट लागल्या तर एलईडी पेटतच नाही. तेवढ्यावरही लोक दिवा फेकतात.

हँडल डावीकडे वळवले की लाइट जातो, सरळ केले की येतो? दुकानात जाऊ नका. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर रोज शेकडो वेळा दुमडते आणि आतल्या तारा तुटतात. बाहेरून ती धडधाकट दिसते. हँडल हळू फिरवत ती जागा चाचपा. नवी वायर टाकताना दोन्हीकडे हँडल पूर्ण वळेल एवढी सैल सोडा. ताणून बांधलेली वायर फोटोत छान दिसते आणि रस्त्यावर तुटते.

रिलेला लोक उगाच घाबरतात. त्यावर चार आकडे असतात. ३० ला बॅटरीची वायर, फ्यूजमधून. ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके, एक स्विचकडे, एक अर्थला. हँडलवरच्या नाजूक स्विचमधून दिव्याचा सगळा करंट जाऊ नये, म्हणून हा मध्यस्थ. रिले नसेल तर स्विच वितळू शकतो, आणि दोष पुन्हा दिव्यावर येतो.

स्विच दाबा आणि कान लावा. टिक असा आवाज आला, तरी दिवा नाही? मग स्विचची बाजू ठीक आहे, ३० आणि ८७ कडे बघा. टिकच नाही? मग दिव्याकडे बघायचे कारण नाही, स्विच आणि कॉइलचा अर्थ तपासा. अर्धे निदान कानाने होते. किती जण कान लावतात?

फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणारे वेगळेच. २० वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, भागिले १२, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. ५ चा फ्यूज पुरतो. तो उडाला की १५ चा, मग ३० चा, मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी. अहो, फ्यूज दिव्याला वाचवायला नसतोच. वायरला वाचवायला असतो. तो उडाला नाही तर वायर तापते, आणि ती वायर जाते पेट्रोलच्या टाकीखालून.

पुन्हा वाचा. पेट्रोलच्या टाकीखालून.

खोक्यावरच्या वॉटवर विश्वास ठेवून हिशोब करू नका. १२० वॉट छापलेल्या एका जोडीला मी मीटर लावला, दीड अँपिअर. म्हणजे १८ वॉट. उलटही होते, म्हणून मोजायचे. छोट्या गाडीत वीज तयार करणारा मॅग्नेटो आधीच हेडलाइटचा भार ओढत असतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप चालू राहतो. त्या हेडलाइटच्याच वायरला जादा दिवे टोचणारे महाभाग आहेत. दिवे मग दिवसभर जळतात. शिवाय काही गाड्यांत त्या वायरला मॅग्नेटोचा एसी करंट असतो. त्यावर एलईडी थरथरतो, इंजिन मंद असताना जास्तच. लोक म्हणतात, चायना माल.

आणि लाइट थेट बॅटरीला, इग्निशनला वळसा घालून? चावी काढली तरी दिवे चालू राहू शकतात. सकाळी सातची विरार लोकल पकडायची असते आणि स्टार्टर नुसता कुरकुरतो. रिलेचा ट्रिगर चावीनंतरच्या वायरवरून घ्या, विषय संपला.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहितो आहे ते.

दिवा पेटला, छान. तो कोणाच्या डोळ्यात गेला? वसईच्या पश्चिमेला नाळा, निर्मळ, वाघोली, भुईगावचे रस्ते अरुंद आहेत. मध्ये दुभाजक नाही. कडेला कुठे कुंपण, कुठे विहीर, कुठे बावखल, म्हणजे आपल्याकडचे तळे. समोरच्या बाईकवरून पांढरा झोत आला की सायकलवाल्याला चार-पाच सेकंद काही दिसत नाही. चार-पाच सेकंदांत सायकल बावखलात जाते. ती सायकल तुमच्या बापाची असू शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. नियम १०६ सरळ सांगतो की झोत कायम खाली वळलेला, नाहीतर चालकाला खाली वळवता येणारा हवा. दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरचा डोळा दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण समोरून चालत येणाऱ्या बाईचा डोळा. नियम करणाऱ्याने तिचा विचार केला होता. आपण का करत नाही? पुढे स्पॉटलाइट लावायला तर नियम १११ ची मनाईच आहे, पूर्वपरवानगी असेल तरच सूट. दुकानात मिळते म्हणून रस्त्यावर चालते, असे नाही. लपलपणारे लाल-निळे दिवे तर आजच काढा. तुम्ही अँब्युलन्स नाही.

झोत जुळवायला गॅरेज लागत नाही, भिंत लागते. आणि भिंतीसमोर गाडी स्टँडवर लावून जुळवू नका. बसलेल्या माणसाच्या वजनाने मागची स्प्रिंग दबते आणि झोत वर उठतो. मागे दुसरे माणूस बसले की आणखी वर.

भाच्याच्या गाडीचा तो रंगीत नट मी काढला नाही, तसाच राहू दिला. काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. जुनीच, पहिली जोडी बसवली. दिव्यापाशी मीटर ठेवला, १३.६.

मग संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून आठ मीटरवर गाडी उभी केली. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूने रेघ मारली. भाच्याला म्हटले, बस. झोत रेघेखाली होता. तो खूश.

"आता आईला मागे बसव."

ताई पदर खोचून बसली. झोत रेघेच्या वर गेला, चांगला वीतभर. भाच्याने न सांगता पाना उचलला. दिव्याचा नट सैल केला, दिवा खाली झुकवला, ताईला पुन्हा बसवले, पुन्हा पाहिले. तिसऱ्या खेपेला झोत रेघेखाली राहिला.

पाऊस सुरू झाला तेव्हा दोघे अर्नाळ्याच्या दिशेने निघाले. समोरून एक सायकल आली. सायकलवाल्याने हात डोळ्यांवर नेला नाही.