मान वर करून चालताना

मुंबईत भिंत फार दिवस कोरी राहत नाही. चुना वाळायच्या आत तिथे दहावीचे क्लासेस सुरू होतात, मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज होतो, नाहीतर कुणा भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा मिळतात. 'येथे जाहिराती लावू नयेत' ही सूचना निम्मीच वाचता येते, कारण उरलेल्या निम्म्यावर जाहिरात असते. जिन्याच्या कोपऱ्यांत तर आपण साईबाबा, येशू, मक्का आणि गणपती यांना टाइल्सवर एका रांगेत बसवून पिचकारीबहाद्दरांवर पहारा ठेवायला सांगितलं आहे. चित्राने भिंत वाचते, हे आपल्याला म्युरलवाल्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

रक्तातल्या साखरेपायी डॉक्टरांनी मला भरभर चालायला सांगितलंय. चालणं जमतं, भरभर जमत नाही. भिंती आडव्या येतात. दादरहून माहीमकडे जाताना सेनापती बापट मार्गावर (पत्ता लिहिताना सेनापती बापट मार्ग, एरवी तुळशी पाईप) रेल्वेची लांबलचक भिंत लागते. २००९च्या ऑगस्टमध्ये 'द वॉल प्रोजेक्ट'च्या मंडळींनी महापालिकेची परवानगी काढून ती लोकांना रंगवायला मोकळी करून दिली. चित्रकार आले, विद्यार्थी आले, जन्मात ब्रश न धरलेले नोकरदार बाह्या सावरून आले. अट एवढीच, की राजकारण नको, धर्म नको, अश्लील नको, जाहिरात नको. आता एवढं वजा केल्यावर सार्वजनिक जीवनात उरतं काय? उरले मासे, झाडं, लोकल गाड्या आणि 'पाणी वाचवा'. मला ती भिंत आवडली ती तिथल्या कच्च्या हातांमुळेच. एकाचा हत्ती रंगवता रंगवता जागा संपली आणि सोंड शेजारच्या समुद्रात गेली, तर शेजाऱ्याने कुरकुर न करता त्या सोंडेतून कारंजं उडवून घेतलं होतं. एवढा समजूतदारपणा आमच्या सोसायटीत पार्किंगच्या बाबतीत कधी दिसला नाही.

वांद्र्याला मात्र व्यायामाचा विचार सोडूनच द्यावा लागतो. हिल रोडवरून चॅपल रोडला वळलं की रणवारच्या गल्ल्या सुरू होतात. ईस्ट इंडियन लोकांची ही जुनी वस्ती. बाहेरून लाकडी जिने, नाक्यावर क्रूस, आणि ओट्यावरून कानावर पडणारी त्यांची खास मराठी. गल्ली इतकी अरुंद, की चित्र पुरतं दिसावं म्हणून मागे सरकावं तर पाठ समोरच्या चित्राला लागते. रणजित दहिया मूळचे हरियाणाचे. घरांना सफेदी करण्यापासून सुरुवात करून ते अहमदाबादच्या एनआयडीपर्यंत पोचले आणि २०१२मध्ये 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू करून त्यांनी चॅपल रोडवर 'अनारकली' रंगवली. तोवर हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं फ्लेक्सने केव्हाच गिळली होती. पेंटरांचे डबे सुकले होते. जी कला थिएटरच्या दारातून बेकार होऊन निघाली, ती अशी गल्लीत येऊन राहिली.

या चित्रांत मला सगळ्यात गंमत वाटते ती अडचणींची. कागदावर चित्र काढणाऱ्याला मध्ये इलेक्ट्रिकचा मीटर नसतो. इथे नायिकेच्या गालावरून सांडपाण्याचा पाईप उतरतो आणि रंगारी त्यालाही गालाचाच रंग देतो. पावसाळ्यानंतर पाईपचा रंग आधी उडतो आणि बाईंना दाढदुखी सुरू झाल्याचा भास होतो. अशाच एका चित्राखाली ओट्यावर बसलेल्या आंटींना मी विचारलं, चित्र आवडलं का? त्या म्हणाल्या, "पेंट फुकट भेटला ना! पण ते फोटोवाले येतात, माझ्या पायरीवर बसतात, आणि मलाच सांगतात, आंटी, जरा बाजूला व्हा."

२०१४मध्ये रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके चढले, तेही दहियांच्याच पुढाकाराने. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी ज्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना, शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं, त्या फाळक्यांच्या नुसत्या नाकाएवढ्या जागेत आज वांद्र्यात वन रूम किचनची बोलणी होतील.

अशा भिंती बघत बघतच मी टॅटूच्या दुकानाशी येऊन थांबलो. काचेला आतून नमुने लावलेले होते. जपानी मासा, न्यूझीलंडच्या माओरींची नक्षी, ड्रॅगन, गुलाब, खंजीर, आणि या सगळ्या पाहुण्यांत अर्धवट डोळे मिटून महादेव. जत्रेतला गोंदणारा पोत्यावर बसायचा, त्याच्या फळीवर विंचू, ओम, मारुती आणि त्रिशूळ असायचे. फळी वाढली, एसी आला, पण महादेवाने जागा सोडलेली नाही. जत्रेत करकरणारं ते यंत्रही काही गावठी नव्हे. एडिसनने कागदाला भोकं पाडून नकला काढण्यासाठी विजेवर चालणारं पेन केलं होतं. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१मध्ये गोंदायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी आपल्याकडे काजळी, पाल्याचा रस आणि सुया पुरत होत्या. आमच्या आजीच्या मनगटावर तुळशीवृंदावन होतं. मेल्यावर अंगावरचं सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती सांगायची आणि दागिन्यांची यादी मात्र कुलपात ठेवायची.

आत एक विशीतला मुलगा हात पुढे करून बसला होता. अंगात खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट. कलाकाराने आधी जांभळ्या रेघांचा छाप मनगटाच्या आतल्या बाजूला उमटवला. 'आई'. मुलाने मान तिरकी करून बघितलं आणि 'ई'ची शेपटी जरा लांब हवी म्हणाला. छाप पुसला, पुन्हा काढला, शेपटी लांबवली. जगातले सगळे मासे, ड्रॅगन आणि वाघ काचेवर हजर असताना तो तिकडे बघतसुद्धा नव्हता. कलाकार मला म्हणाला, "काका, आई, आई-बाबा आणि महाराज. माझं भाडं यांच्यावर निघतं. ड्रॅगन शोभेला आहे." एवढं स्वातंत्र्य, एवढे रंग, आणि पोरगं लिहितं काय, तर शाळेत पाटीवर पहिल्यांदा लिहिलेलं असतं तेच. मला हे फार आवडलं, पण तसं बोललो असतो तर त्या मुलाला अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून मी भाव विचारला.

शाई कायम राहते कशी, हेही मी घरी येऊन वाचलं. सुई कातडीच्या वरच्या थराखाली शाई सोडते. शरीरातल्या पहारेकरी पेशी ती गिळतात, पण त्यांना ती पचत नाही. पेशी मरते, शाई बाहेर पडते आणि शेजारची पेशी ती लगेच उचलते, असं २०१८मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे बदली झालेल्या कारकुनाची फाईल नव्या कारकुनाकडे जाते आणि कुणाच्याच कारकिर्दीत निकाली निघत नाही, तसंच हे.

जेवताना मी घरात सहज म्हणालो, आपणही एखादं काढून घ्यावं म्हणतोय. बायकोने आमटी वाढायची थांबवली नाही. "अहो, काढायचंच तर ब्लड ग्रुप गोंदवून घ्या. शिवाय डायबेटिक असंही लिहून घ्या. वेळेला उपयोगी पडेल."

पुढच्या फेरीत मी त्या कलाकाराला विचारलं. त्याने अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. पुष्कळ काका करतात म्हणाला, आधी डॉक्टरांना विचारून या, साखर आटोक्यात असू द्या. मग माझ्या मनगटाकडे जरा लांबून बघून म्हणाला, "पण नुसतं 'ओ पॉझिटिव्ह' भकास दिसेल, काका. बाजूला एक मोराचं पीस टाकू या."