रफाराचे राजकारण

पक्षनिष्ठा म्हणजे विशिष्ट विचारसरणीशी असलेली दीर्घकालीन बांधिलकी, ही व्याख्या पुणे शहराला लावून पाहिली, तर २०१२ साली महापालिकेत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे २९ नगरसेवक धाडणारी विचारसरणी २०१७ पर्यंत दोन नगरसेवकांपुरतीच उरली, असे मानावे लागते. १९९५ पासून भारतीय जनता पक्षाकडे असलेला कसबा विधानसभा मतदारसंघ मार्च २०२३ मध्ये काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जिंकला, तेव्हा उमेदवार दुचाकीवरून फिरतो आणि भाजपने टिळक घराण्याला तिकीट नाकारले, अशी कारणे चहाबरोबर सांगितली गेली. तेव्हा ज्यांना हरवले होते त्याच भाजपच्या हेमंत रासने यांच्याकडून नोव्हेंबर २०२४ मध्ये धंगेकर हरले, तेव्हा दुचाकीविषयीचे संशोधन कोणी पुढे नेले नाही.

अशा उथळ कारणांपासून स्वतःला मुक्त समजणारा एक वर्ग शहरात असून प्रस्तुत लेखकाचा समावेश त्यातच करावा लागतो. हा वर्ग प्रचारपत्रक वाचत नाही, तपासतो. 'आशीर्वाद' हा शब्द 'आर्शीवाद' असा छापणाऱ्या, म्हणजे रफार एक अक्षर अलीकडे ओढणाऱ्या उमेदवाराला पाणीपुरवठ्याचे नियोजन झेपणार नाही, असा त्याचा सिद्धान्त आहे. 'कार्यसम्राट' या पदवीत व्याकरणदोष नसल्याने तिला नाइलाजाने माफी मिळते; 'निवडणूक' ऱ्हस्व लिहिणारा मात्र बाद होतो, आणि त्याच्या पत्रकावर लाल शाईने दुरुस्त्या करून ते सोसायटीच्या सूचनाफलकावर लावले जाते. सर्वांत कमी चुकांचे पत्रक योगायोगाने दरवेळी घरात तीन पिढ्या ज्या पक्षाला मत पडते त्याचेच निघते, कारण त्या पक्षाच्या चुका मुद्रकाच्या खात्यावर टाकण्याची पद्धत आहे. सर्वांचेच रफार चुकले, तर २०१३ पासून 'नोटा', म्हणजे सर्व उमेदवार नाकारण्याचा पर्याय, उपलब्ध आहे. तो वापरण्याची घोषणा चढत्या आवाजात होते, मतदान मात्र ठरलेल्या बटणावरच होते.

अमेरिकेतील क्रिस्टोफर एकन आणि लॅरी बार्टेल्स या अभ्यासकांनी १९१६ मधील शार्क माशांच्या हल्ल्यांचा राग न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील मतदारांनी अध्यक्ष विल्सन यांच्यावर काढला, असा निष्कर्ष मांडला असून तो वादग्रस्तही ठरला आहे. पुण्याला समुद्र नसल्याने येथील अभ्यासकाला वैकुंठ स्मशानभूमीकडे वळावे लागते, कारण 'आमच्या वडिलांच्या वेळी रात्री दोनला वैकुंठात आला होता' हे मत देण्याचे कारण पेठांमध्ये पुरेसे मानले जाते. त्याला हसणे सोपे आहे. परंतु दाखला, शववाहिका आणि लाकडे यांची व्यवस्था ज्या घराला त्या रात्री करता आली नाही, त्या घरापुरते शासन म्हणजे तोच एक माणूस होता, आणि जाहीरनाम्यातील कोणतेही कलम त्या वेळी जागे नव्हते. कसब्याचे पाच वेळा आमदार राहिलेले गिरीश बापट २०२३ च्या पोटनिवडणुकीत नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन चाकाच्या खुर्चीतून प्रचाराला आले आणि २९ मार्चला निवर्तले. त्यांच्या पक्षाला न मानणारेही त्यांना मानत, ते अशाच हिशेबाने.

रफार तपासणाऱ्या वर्गाला हा हिशेब अशास्त्रीय वाटतो. मतदानयंत्र मात्र वैकुंठाचे मत आणि रफाराचे मत सारखेच मोजते, आणि त्याबद्दल या वर्गाने निवडणूक आयोगाला अद्याप क्षमा केलेली नाही.