कोणाची केस आहे, मॅडम?

सरकारी कचेरीत नकाशा मागायला दोनच प्रकारची माणसं येतात. एक ज्याचं भांडण चालू आहे तो, आणि दुसरा ज्याला ते चालू करायचं आहे तो. तिसरा प्रकार कचेरीला ठाऊक नाही. ‘नुसताच नकाशा हवा, घरी नेऊन भिंतीवर लावीन, रविवारी चहा पिता पिता बघीन’ असं म्हणणारी बाई समोर उभी राहिली की आवक-जावकच्या टेबलावरचा माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग वकील आहे का म्हणून तिच्या पाठीमागे बघतो, आणि शेवटी खिडकीतून तिच्या गाडीचा नंबर वाचतो.

ती बाई मी. नागपूरहून आपली जुनी वॅगन आर काढायची, एखादं तालुक्याचं गाव गाठायचं आणि तिथल्या नगर परिषदेतून, तहसीलमधून नाहीतर भूमी अभिलेखमधून गावाचा नकाशा पदरात पाडून घ्यायचा, असा माझा छंद आहे. एकटीच जाते, कारण सोबत यायला कोणी तयार होत नाही. “लोक शेगावला जातात, आमची सून तहसीलला जाते,” असं सासूबाई पाहुण्यांना सांगतात. पाहुणे माझ्याकडे फार मायेनं बघतात. माहेरच्या वाटणीचं काहीतरी अडलेलं दिसतं, असा त्यांचा समज होतो.

खरं तर नागपुरात राहून नकाशांचं वेड लागलं नाही तरच नवल. झिरो माइलचे चार घोडे दाखवून आम्ही प्रत्येक पाहुण्याला ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असं ठणकावून सांगतो. तिथला दगड 1907 सालचा. सर्वेक्षणवाल्यांनी त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट अशी दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत नोंदवून ठेवली आहे. म्हणजे काम उंचीचं, आणि मिरवतो मध्यबिंदू म्हणून. मध्य प्रदेशातलं करौंदी हे गावही मध्यबिंदूवर हक्क सांगतं, पण हे नागपूरकराला ऐकवायला जाऊ नका. मे महिन्याच्या भर दुपारी टोपी काढून वाद घालायची आमची तयारी असते.

नकाशेवाल्यांचं खरं दैवत हिंगणघाटला आहे. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या माणसानं 1802 मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि मग अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन तो देश मोजत मोजत वर सरकत राहिला. तंजावरला देवळावर चढवताना ते यंत्र आदळलं, तर यानं ते स्वतः बसून ठाकून-ठोकून सरळ केलं. हैदराबादहून नागपूरला येताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्यानं देह ठेवला. नागपूर जेमतेम पाऊणशे किलोमीटर राहिलं होतं. त्याच्यामागून काम बघणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाचं शिखर झालं, याच्या नावानं हिंगणघाटला एक कबर आहे. त्या बाजूला गेले की मी हात जोडते आणि नकाशा मिळू दे म्हणून मागणं मागते. बाबाला जंगलं लागली, ताप लागला, पण ‘साहेब मीटिंगले गेले’ हे काही ऐकावं लागलं नसेल.

समृद्धी महामार्ग माझ्या कामाचा नाही. 701 किलोमीटरमध्ये तो एकाही गावाच्या बाजारपेठेतून जात नाही, आणि बाजारपेठ नाही तिथे नगर परिषद कुठून येणार? मी आपली जुन्या रस्त्यानं जाते. वाटेत तर्री-पोहे खाते, कारण कचेरी उघडण्याची वेळ आणि साहेब येण्याची वेळ यांच्यामध्ये पोहे पचतील एवढं अंतर नक्की असतं.

आता एका नगर परिषदेतला संवाद ऐका. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय.

“कायले पाहिजे जी नकाशा?”

“असाच. बघायला.”

“कोणाची केस आहे, मॅडम?”

“केस-बिस काही नाही.”

“मंग प्लॉट कुठी आहे?”

“प्लॉटही नाही.”

“बिल्डरकडून आल्या का?”

“नाही.”

“पेपरवाल्या?”

“नाही हो.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खुर्ची पुढे सरकवून हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, बसा. पाणी घ्या. घरी सगळं बरं आहे ना?”

या सगळ्या वेळात नकाशा त्याच्या डोक्यावर भिंतीलाच टांगलेला होता. चांगला पाच फूट रुंद, काचेच्या फ्रेममध्ये. मी बोट दाखवलं.

“हा नाही देता येत. हा ऑफिसचा आहे.”

“मग याची प्रत द्या.”

“प्रतच नाही ना. एकच आहे, म्हणून तं भिंतीवर लावला.”

यावर काय बोलणार? माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा मला पाठ आहे. कलम 6 चं दुसरं पोटकलम स्पष्ट म्हणतं की अर्जदाराला कारण सांगायची गरज नाही. दहा रुपयांचा अर्ज केला की झालं. पण हे अस्त्र मी सहसा बाहेर काढत नाही. तुम्ही कलम काढलंत की समोरचा 30 दिवसांची मुदत काढतो, आणि मघाशी सांगितलेला चहा रद्द होतो. त्यापेक्षा मी कारणच देते. “मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे.” या वाक्यापुढे भली भली कचेरी विरघळते. लगेच शिपाई स्टूल आणतो, फ्रेम खाली उतरते, मागची जळमटं झटकली जातात आणि मला पाहिजे तेवढे फोटो काढता येतात. माझी मुलगी बँकेत नोकरीला आहे.

नकाशा मिळाला की तो टपरीवर उघडून बघायचा नाही, हा नियम मी अनुभवानं केला आहे. वर्धा जिल्ह्यात एकदा चहा येईपर्यंत बॉनेटवर नकाशा पसरला. पवनारहून गोव्याच्या सरहद्दीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग निघणार म्हटल्यापासून तिकडे कोणी कागद उलगडला तरी माणसं गोळा होतात, आणि समृद्धीत कोणाच्या वावराला काय भाव आला याच्या कथा तर गावोगाव पारावर चालूच असतात. पहिला ग्लास संपायच्या आत ‘रोडवाल्या मॅडम आल्या’ ही बातमी गावभर झाली होती. एक काकाजी सातबारा घेऊनच आले.

“मॅडम, आमच्या इथून रोड धुऱ्यावरून जाते का मधातून?”

“मी रोडची नाही हो, काकाजी.”

“समजलो. बोलता येत नाही तुमाले.” त्यांनी डोळा मिचकावला. “पण धुऱ्यावरून नका नेऊ. मधातून घ्या. धुऱ्यावरून नेला तं अर्धे पैसे शेजाऱ्याले जाते.”

चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत. नागपूरला पोचल्यावर मागच्या सीटवर संत्र्यांची पिशवी सापडली. ही लाच कशाबद्दल होती आणि मी कोणाचं काम करायचं आहे, याचा पत्ता अजून लागलेला नाही.

भूमी अभिलेखची बात मात्र न्यारी. तिथे नकाशा हीच भाकरी असल्यानं कधी कधी एखादा दर्दी भेटतो. असे एक निवृत्तीला आलेले भूकरमापक मला भेटले. त्यांनी कारणच विचारलं नाही. लाल कापडाचा बस्ता काढला, सुटत नसलेली गाठ दातांनी सोडली आणि पाठीला कापड चिकटवलेला जुना नकाशा टेबलावर पसरला. एका कोपऱ्यावर स्टॅम्प पॅड ठेवलं, दुसऱ्यावर स्टेपलर, तिसऱ्यावर स्वतःचा डबा, आणि चौथा कोपरा मला धरायला दिला. सोळा इंचाला एक मैल असं प्रमाण. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून कागद जिथे झिजला होता तिथे भोक पडलं होतं, आणि नेमका तिथेच गावचा मुख्य चौक होता. गाव होतं, चौक नव्हता.

“हा पांदण रस्ता,” बोट फिरवत ते म्हणाले. “आता इथं लॉन आहे, लग्नाचं. हे तळं. इथं आता बस स्टँड. आणि हा नाला.”

“नाला आता कुठे आहे?”

“आता नाही. पावसाळ्यात असते.”

मी हसले नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आम्ही नागपूरकरांनीही नकाशातलं पाणी दिवाणखान्यात आलेलं पाहिलं आहे.

जुने नकाशे बघायची चटक लागते ती अशी. वर्ध्याचा नकाशा टेबलावर ठेवला की सरळ रस्ते बघूनच कळतं, हे गाव आपोआप वाढलेलं नाही. आधी जिल्ह्याचं ठाणं पुलगावजवळ कवठ्याला होतं, ते हलवून 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी हे शहर पट्टीनं आखून वसवलं. चंद्रपूरचं उलट. तिथे गोंड राजांचा कोट गावाला अजून कवेत धरून आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर अशी चार दारं आणि वर पाच खिडक्या. त्यातली एक मसण खिडकी आणि एक चोर खिडकी. नगररचनेत चोरांची एवढी रीतसर सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

विकास योजनेचा नकाशा, म्हणजे आपला डीपी, हा सगळ्यांत रंगीत. राहण्याची जागा पिवळी, बाजार निळा, कारखाने जांभळे, बगीचे हिरवे. एका गावच्या डीपीवरचा हिरवा रंग बघून मी इतकी हरखले की तो शोधायला पायीच निघाले. बगीच्याच्या जागी शेळ्या होत्या, त्यांनी हिरवं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. खेळाच्या मैदानाच्या जागी मात्र खरोखर खेळ चालू होता. पत्त्यांचा.

तिथेच मला नकाशा वाचायला शिकवणारे गुरुजी भेटले. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलं आहे, अशा माणसाइतका तयार नकाशावाचक गावात दुसरा नसतो. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर नोटीस देऊन ती सोडवता येते, हे 1966 च्या नगररचना कायद्यातलं कलम 127 अशा माणसांना मारुतिस्तोत्रासारखं मुखोद्गत असतं. तलाठ्याला न समजलेली खूण ते शर्टाच्या खिशातलं पेन काढून समजावून देतात. मी बी.ए. भूगोल आहे. मला वर्गात कोणी एवढ्या कळकळीनं शिकवलं नाही.

2025 मध्ये नगर परिषदांच्या निवडणुकांआधी प्रभागरचनेचे नकाशे लागले, तेव्हा तर माझी चांदीच झाली. एरवी कुलपात असणारा गावाचा नकाशा चक्क फलकावर, आणि समोर इच्छुकांची झुंबड. हद्द नाल्यानं जाते की गल्लीनं, मामाचं घर प्रभागात आलं की उडालं, यावर चौकाचौकात परिसंवाद. त्या दिवसांत नकाशा कायले पाहिजे, असं मला कोणीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “ताई, कोणत्या पार्टीकडून?”

तेव्हा माझी एक विनंती आहे. तुमच्या गावाची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की तिची प्रत वाजवी किमतीत विकत मिळण्याची सोय कायद्यातच आहे, आणि हरकतींना 30 दिवस असतात. तेवढ्यात जाऊन एक प्रत घेऊन ठेवा. आज तुमचं कोणाशी भांडण नसेल, पण शेजार आहे, नाला आहे, वेळ काय सांगून येते? आणि आजोबांच्या ट्रंकेत गावाचा जुना नकाशा निघाला तर तो कपाटात अंथरू नका. सुरळी करून ठेवा, घडी घालू नका. घडीवर सगळ्यांत आधी चौक जातो.