शेपटीला तीनच चार

सिल्वासाच्या डोकमर्डीत चहाच्या टपरीपाशी उभं राहिलं की कारखान्यांकडे निघालेल्या ट्रक-टेम्पोंचे नंबर आपोआप वाचले जातात. ७७७७ किंवा ४४४४ मिळावा म्हणून लोक आरटीओत जादा पैसे मोजतात. मी मात्र ७७४४ दिसला की खूश. ८८ चा वर्ग! आकड्यांच्या अशा दोन जोड्या असलेला चार आकडी वर्ग हा एवढाच. तो ज्याला फुकट मिळाला, तो ड्रायव्हर बिचारा आरशात बघून गाडी मागे घेत असतो.

४४४४ वाल्याला कोणी सांगायचं, की शेवटी चार चौके असलेला एकही वर्ग नाही? तीनपर्यंत मुभा आहे. ३८ चा वर्ग १४४४, ४६२ चा २,१३,४४४. चौथा चार आला की गाडी अडते. अशा संख्येला ४ ने भागलं तर उत्तरही वर्गच यायला हवं. पण ते संपतं ११ ने, म्हणजे पुन्हा ४ ने भागल्यास बाकी ३. विषम संख्येच्या वर्गाची बाकी मात्र नेहमी १. संपलं! ११, ५५, ६६, ९९ यांना तर शेवटी जोडीनेही बसता येत नाही. शून्यांचं सोडा, ती जोडीजोडीने कितीही येतात.

डोक्याकडे मात्र अशी कंजुषी नाही. ६७ चा वर्ग ४४८९, ६६७ चा ४,४४,८८९, ६६६७ चा ४,४४,४८,८८९. सहा वाढवत जा, चार आणि आठ रांगेने येतात.

या नादाचे आद्यपुरुष शेजारच्या डहाणूचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली तिथे जन्मले, देवळालीत शाळामास्तर झाले. १११ चा वर्ग १२३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो’, जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं. कारण कल्पना तिथे सुचली. गाडीची वाट पाहणारे बाकीचे लोक काय करत असतील, देव जाणे.

सारख्या आकड्यांची रांग खिशातही सापडते. मोबाइलच्या पडद्यावर साधारणपणे दोनाच्या चोविसाव्या घाताइतके रंग उमटू शकतात: १,६७,७७,२१६. सलग तीन सात आलेत, पण आपला स्वल्पविराम नेमका त्यांच्यात घुसलाय. साहेब लिहितो १६,७७७,२१६. लाख-कोटींवरची माझी निष्ठा अढळ आहे. तरी या एका ठिकाणी साहेबाने बाजी मारली, हे कबूल करावं लागतं.