मला बदलीत घ्या

मा. एच.आर. प्रमुख यांस,



करार वाढवून दिल्याबद्दल आभार. पुन्हा ११ महिने! आमच्या लालबागेत खोली भाड्याने देताना असाच ११ महिन्यांचा कागद करतात. बारावा महिना लागला की भाडेकरू ठाण मांडेल, ही घरमालकाची धास्ती. आपल्याला कशाची धास्ती आहे, ते मी विचारत नाही.

गेल्या वर्षी केबिनमध्ये बोलावून, कॉफी पाजून आपण सांगितलंत, ‘‘आजपासून तुम्ही नोकर नाही, स्वतंत्र सल्लागार. स्वतःचे मालक!’’ तेव्हा माझ्या नोकरीला ४ वर्षं ७ महिने झाले होते आणि ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात. योगायोग असणार. मालक झालो तरी खुर्ची तीच राहिली, काम तेच, साडेनऊला अंगठा लावायचं यंत्रही तेच. पीएफमधला कंपनीचा १२ टक्के वाटा तेवढा गेला, आजारपणाची रजा गेली; त्याबदल्यात दर बिलातून १० टक्के टीडीएस मिळाला. अनंत चतुर्दशीला ऑफिस बंद होतं. शेजारच्या टेबलावरच्या पोराला ती पगारी सुट्टी होती. मला त्या दिवसाचे पैसे नाहीत. मालकाला कसली आलीय सुट्टी?

चिवडा गल्लीतल्या आमच्या दुकानदाराला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता मीही धंद्यात. त्याने पुडी बांधता बांधता विचारलं, ‘‘गिऱ्हाइकं किती?’’ म्हटलं, एकच. ‘‘भाव कोण ठरवतो?’’ गिऱ्हाईकच. ‘‘दुकान कुणाचं?’’ त्याचंच. पुडीला दोऱ्याचा शेवटचा वेढा मारून तो म्हणाला, ‘‘मग तुमचं काय, उधारी?’’ या माणसाने कंत्राटाचा कायदा कधी वाचलेला नाही.

आपण ज्याला ‘फ्लेक्सिबल वर्कफोर्स’ म्हणता, ती कल्पना नवी आहे असा आपला समज दिसतो, म्हणून थोडं घरचं सांगतो. आपलं ऑफिस ज्या जुन्या गिरणीच्या आवारात आहे, जिथली चिमणी शोभेसाठी राखून तिच्यावर रात्री निळे दिवे सोडतात, तिथल्याच साचाखात्यात माझे वडील बदली कामगार होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबा घेऊन खात्याच्या दाराशी उभं राहायचं. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या साच्यावर उभं राहायला मिळे. नाही पडला तर घरी. आईला ते जिन्यावरच कळायचं. रिकामा डबा खडखडतो, भरलेला वाजत नाही. सकाळी साडेसातला ओळखीची पावलं वर आली आणि डबा वाजला नाही, की ती चहाचं आधण ठेवायची आणि काही विचारायची नाही.

हे दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. कामावर घेणाऱ्या जॉबरची मर्जी, त्याला द्यावी लागणारी चिरीमिरी, सगळं होतं. पण १९३५ सालीच मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेने जॉबरचा हात आखडावा म्हणून बदली नियंत्रण योजना आणली होती. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज हजेरी लावायची आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. पुढे १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचं प्रकरण घातलं. भरपाईतून बदलीला वगळलं खरं, पण तिथेच हेही लिहिलं, की वर्षभराची सलग नोकरी भरलेल्याला बदली मानू नये. इंग्रजांच्या काळातल्या गिरणी मालकांना आणि त्यानंतरच्या सरकारला जे सुचलं, ते आपल्या करारातल्या २३ कलमांत मी शोधलं. सापडलं नाही.

वडील सहा वर्षं बदली भरून १९७९ मध्ये कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. बदल्यांना कायम करा, ही त्या संपाच्या मागण्यांपैकी एक. वडील त्यानंतर साच्यावर गेले नाहीत. आता त्याच फाटकातून मी आत येतो, सुरक्षारक्षक माझ्या गळ्यातलं कार्ड बघतो. त्यावर नावाखाली ‘व्हिजिटर’ छापलंय. मी रोज येणारा पाहुणा. मागच्या महिन्यात दोन आठवडे काम नव्हतं, तसा मेसेज मोबाइलवर आला. माझा डबा लॅपटॉपच्या बॅगेत असतो, त्यामुळे जिन्यात काही वाजत नाही. बायकोला मला तोंडाने सांगावं लागलं.

तर विनंती एवढीच, की कराराचा हा कागद परत घ्यावा आणि मला बदली कामगार करून घ्यावं. नोकरीत कायम करा असं म्हणण्याचा आगाऊपणा मी करत नाही. एक कार्ड द्या, त्यावर हजेरीचे शिक्के मारायला जागा ठेवा, आणि कुणाचा खाडा पडला तर पहिला नंबर कुणाचा, ते भिंतीवर लावा. मी आवाराच्या फाटकाशी सातला येऊन उभा राहतो. घर जवळच आहे.

कळावे.

आपला,
स्वतंत्र सल्लागार (अंगठा क्रमांक आपल्याकडे आहेच)

ता.क. मी आपल्याच सांगण्यावरून उद्यम नोंदणी केली. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. माझ्या फेब्रुवारीच्या बिलाला आज ७१ दिवस झाले.