आधी स्वेटर, मग सरहद्द

काकीनं परळच्या फुटपाथवर तिबेटी बायकांकडून स्वेटर घेतले, तेव्हा नथु-ला कुठे आहे हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वस्त लावले म्हणून तिनं माणशी एक उचलला. आता लालबागमध्ये स्वेटर घालायचा तर पंखा पाचावर ठेवून त्याच्याखाली बसावं लागतं. पैसे वसूल करायचे तर थंडीच्या गावी जाणं भाग होतं. महाबळेश्वर ‘तिथं शालीवर भागतं’ म्हणून बाद झालं. मग चुलतभावानं मोबाइलवर शोध लावला : सिक्कीममधली नथु-ला खिंड, उंची 14,140 फूट, तारेपलीकडे तिबेट. ‘म्हणजे स्वेटर माहेरी चालले,’ काकी म्हणाली. (ते बहुधा लुधियानाचे असतात, पण हे तिला सांगायची आमच्यात कुणाची छाती नाही.)

चाळीत कुठलाही बेत गॅलरीत पास झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. काका गिरणीतून निवृत्त झालेले, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे. एजंटनं फोनवरून सांगितलेले नियम चुलतभावानं वाचून दाखवले. गंगटोकहून साधारण पंचावन्न किलोमीटर. परवाना आदल्या दिवशी, तोही नोंदणीकृत एजंटमार्फत. सोबत फोटो आणि ओळखपत्र, पॅन कार्ड चालणार नाही. सोमवार-मंगळवार सरहद्द बंद. मंगळवारचं काकीला एकदम पटलं, तिचा सिद्धिविनायक असतो. काकांच्या मतदार ओळखपत्राची मात्र पंचाईत झाली. त्यावरचा फोटो इतका काळवंडलाय, की त्यात काका आहेत हे काकी सांगते म्हणून मानायचं.

‘बॅरिकेड, तपासणी, रांग,’ काकांनी निकाल दिला, ‘यात नवीन ते काय? गणपतीत दूध घेऊन घरी येतो तेव्हा दुसरं काय करतो आपण? तिथं निदान बंदूकवाल्याला बंदूक चालवता येत असेल. आपल्याकडे शिट्टीवाल्याला नुसती शिट्टी येते.’ दहा दिवस स्वतःच्याच गल्लीत ‘मी इथंच राहतो हो’ असं सांगत शिरणाऱ्या माणसाला चिनी सरहद्दीची भीती घालता येत नाही, हे मलाही कबूल.

खरा घाव पुढच्या नियमानं घातला : खिंडीत फोटो काढायला बंदी. गॅलरीत शांतता पसरली. ‘मग गेलो होतो हे समोरच्या बिऱ्हाडाला पटवायचं कसं?’ काकीनं विचारलं. चीन समोर उभा असताना तिचा खरा मोर्चा समोरच्या बिऱ्हाडावर होता.

खिंडीजवळ बाबा हरभजन सिंगांचं मंदिर आहे. हा जवान 1968 मध्ये तिथं मरण पावला. तो अजून पहारा देतो अशी फौजेत श्रद्धा आहे. त्याच्या नावानं दरवर्षी रजा मंजूर व्हायची आणि न्यू जलपाईगुडीहून कपूरथळ्याकडे जाणाऱ्या गाडीत त्याचा बर्थ राखून रिकामा ठेवला जायचा, असं सांगतात. काका खुर्चीत सरसावून बसले. ‘कन्फर्म?’ 60 दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळी दादरच्या खिडकीवर उभा राहिलेला माणूस हाच प्रश्न विचारणार. तिथल्या तिथं ठरलं की मंदिरात नारळ फोडायचा आणि कोकणकन्येचं मागणं घालायचं.

चुलतभावानं मग 1967 काढलं. तारेचं कुंपण घालण्यावरून 11 सप्टेंबरला तिथं लढाई पेटली, तोफा चालल्या, आपले जवान हटले नाहीत. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जवानांसाठी काहीतरी न्यायला पाहिजे.’ लालबागमध्ये ‘काहीतरी’ म्हणजे चिवडा गल्ली. दहा किलो ठरला. तेवढ्यात अकरावी सायन्सला असलेल्या पुतणीनं सांगितलं, की तिथं हवेचा दाब इथल्याच्या साठ टक्केच असतो, हवाबंद पाकिटं टम्म फुगतील, कदाचित फुटतीलही. काकीनं पाकिटांना टाचणीनं भोक पाडायचं सुचवलं. भोक पाडलं तर चिवडा सादळेल, न पाडलं तर फुटेल. या प्रश्नावर सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून सुलूचा फोन आला, तीही येणार म्हणून. सुलू आमची आतेबहीण, हॉटेलांचा सगळा खर्च तीच करणार होती. एजंट म्हणाला, ‘अमेरिकन पासपोर्ट? मग नथु-ला नाही. तिथं फक्त भारतीय.’ ओसीआय कार्ड दाखवलं तरी नाही. काका भडकले. वाडिया हॉस्पिटलात जन्मलेली, हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेली पोर परदेशी कशी? एजंटला हिंदमाता ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला, की बाईंना वाटेतल्या छांगू तलावापर्यंत नेता येईल, पण तो परवाना एकट्या परदेशी माणसाला मिळत नाही, किमान दोघं लागतात.

सुलूचा नवरा हॉटेलांचे पैसे भरायला तयार आहे, यायला नाही. खर्च करणारीला गंगटोकच्या खोलीत बसवून आपण चीन बघायचा, हे काकीच्या मनाला पटेना. रविवारी ती आम्हाला घेऊन कुलाबा कॉजवेला गेली. तिथं कानातल्यांचा भाव करत असलेल्या एका गोऱ्या बाईच्या शेजारी उभी राहून आधी तिनं तो भाव निम्म्यावर आणून दिला. ओळख झाली. मग तिचा हात धरून म्हणाली, ‘मे महिने में खाली है क्या?’